सर्व्हर मागणीचा पत्ता कसा लावतो

चेन्नईच्या राजाजी सालई या रस्त्यावर मोठ्या टपाल कचेरीची लाल इमारत उभी आहे. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि १८८४ साली ती बांधून पुरी झाली. शहरातील टपालाच्या क्रमांकांचा आरंभ या कचेरीपासून होतो. तिचा पिन क्रमांक ६००००१ असा आहे. सहा आकडी क्रमांकांची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातील अधिकारी मूळचे कोकणातले, आणि विशेष म्हणजे संस्कृतचे कवी होते. त्यांच्या योजनेतील पहिला आकडा वाचताच पत्र देशाच्या कोणत्या भागात जावयाचे ते ठरते. ६ म्हणजे तमिळनाडू व केरळ यांचा विभाग. पहिले तीन आकडे ६०० असे असले, की ते चेन्नईच्या वर्गीकरण-जिल्ह्यात जाते. उरलेले तीन आकडे वाटप करणारी कचेरी दाखवितात. ०३६ असेल तर पत्र तंत्रविद्येच्या आय.आय.टी. या संस्थेच्या आवारात जावयाचे. आकडा जसजसा पुढे वाचला जातो, तसतसा प्रदेश लहान होत जातो.

संगणकाच्या जगातही याच जातीचा एक प्रश्न क्षणोक्षणी सोडविला जात असतो. एखादा विद्यार्थी आपल्या यंत्रावर एक पत्ता टंकतो आणि दूर कोठेतरी असलेल्या सर्व्हरकडे मागणी जाते. त्या एकाच सर्व्हरवर अनेक अनुप्रयोग नांदत असतात: एक ग्रंथांची यादी दाखविणारा, दुसरा सभासदांची नोंद ठेवणारा, तिसरा शुल्क स्वीकारणारा. आलेली मागणी यांपैकी कोणाच्या हाती द्यावयाची, हे सर्व्हरने कशावरून ठरवावे? जावा या भाषेत लिहिलेल्या सर्व्हरांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे, ते अगदी थोड्या नियमांत मावते. पण ते नियम नीट न समजल्यामुळे काय अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण याच चेन्नईने पाहिले आहे. ते पुढे येईलच.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली प्रसिद्ध केली. सर्व्हरवर राहून मागणीला उत्तर देणाऱ्या जावा-कार्यक्रमास सर्व्हलेट असे नाव मिळाले. १९९९ साली सर्व्हलेटांच्या नियमावलीत एक महत्त्वाची भर पडली. एका कामाचे सर्व सर्व्हलेट, पाने, चित्रे व सूचना एकाच गठ्ठ्यात बांधाव्यात आणि तो गठ्ठा कोणत्याही सर्व्हरवर जसाच्या तसा ठेवता यावा, असे ठरले. हा गठ्ठा म्हणजेच अनुप्रयोग. त्याच वर्षी सनने आपला नमुना-सर्व्हर अपाचे या संस्थेच्या स्वाधीन केला व तो टॉमकॅट या नावाने जगभर पसरला. टॉमकॅट म्हणजे बोका. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून त्याचा मूळ कर्ता जेम्स डंकन डेव्हिडसन याने हे नाव निवडले, असे सांगतात. पुढील विवेचन मुख्यतः या बोक्याच्या वर्तनाला धरून आहे. मूळ नियम मात्र सर्व जावा-सर्व्हरांना सारखेच लागू आहेत.

मागणीत निवडीच्या दृष्टीने दोनच गोष्टी महत्त्वाच्या असतात. पहिली म्हणजे यजमानाचे नाव, अर्थात पत्त्यातील संकेतस्थळाचे नाव. दुसरी म्हणजे त्यापुढील मार्ग. एकाच यंत्रावर अनेक संस्थांची संकेतस्थळे असू शकतात, म्हणून सर्व्हर प्रथम यजमानाचे नाव पाहतो. येथे लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मानला जात नाही. नाव ओळखीचे नसेल, तर मागणी आधीच नेमून ठेवलेल्या एका यजमानाकडे जाते. हा टप्पा सरळ आहे. खरी गंमत मार्गापाशी सुरू होते.

कल्पना करावी, की चेन्नईतील एका ग्रंथालयाच्या सर्व्हरवर पाच अनुप्रयोग आहेत. प्रत्येकाचा एक मूळमार्ग ठरलेला आहे. पहिल्याचा मूळमार्ग रिकामा आहे. तो मुख्य अनुप्रयोग होय. दुसऱ्याचा /ग्रंथ, तिसऱ्याचा /ग्रंथ/दुर्मिळ, चौथ्याचा /ग्रंथसूची व पाचव्याचा /सभासद. प्रत्यक्षात असे मार्ग बहुधा रोमन लिपीत असतात. येथे वाचकांच्या सोयीसाठी ते देवनागरीत लिहिले आहेत. आता मागणी आली: /ग्रंथ/दुर्मिळ/नकाशे/मद्रास. या मार्गाच्या आरंभाशी तीन मूळमार्ग जुळतात. रिकामा मूळमार्ग तर कशाशीही जुळतो, /ग्रंथ जुळतो, आणि /ग्रंथ/दुर्मिळ हाही जुळतो. यांतून एकाची निवड करण्याचा नियम असा, की जो मूळमार्ग सर्वांत अधिक लांबीपर्यंत जुळेल त्याचीच मागणी.

या नियमाचे मर्म चेन्नईकराला त्याच्याच शहरातून पटावे. या शहरात अण्णा नगर आहे, अण्णा नगर पश्चिम आहे, आणि अण्णा नगर पश्चिम विस्तार नावाची वसाहतही आहे. पाकिटावर केवळ नाव असेल आणि पोस्टमन पहिले दोन शब्द वाचून थांबेल, तर विस्तारातील पत्रे जन्मभर मूळ अण्णा नगरातच पडून राहतील. जे नाव अधिक शब्दांपर्यंत जुळते तेच खरे, असे त्याला मानावे लागते. वेलणकरांच्या क्रमांकाला ही अडचण कधीच पडत नाही, कारण त्याचे आकडे नेहमी सहाच. मार्गाला अशी ठराविक लांबी नाही. म्हणूनच ‘सर्वांत लांब जुळणी’ हा नियम करावा लागला.

मात्र जुळणी अक्षरांची नसून तुकड्यांची असते, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवावयास हवी. /ग्रंथसूची/कथा या मार्गाची पहिली अक्षरे /ग्रंथ अशीच आहेत. तरीही ती मागणी /ग्रंथ या अनुप्रयोगाची नव्हे. मूळमार्ग संपला, की लगेच मागणीचा मार्गही संपावयास हवा, नाहीतर तेथे तिरपी रेघ यावयास हवी. तिरपी रेघ ही जणू घराची भिंत आहे. भिंतीपाशीच मोजमाप थांबते, खोलीच्या मध्यभागी नव्हे. समजा, चौथा अनुप्रयोग सर्व्हरवरून काढून टाकला आणि मग /ग्रंथसूची/कथा ही मागणी आली. ती /ग्रंथ कडे वळणार नाही; ती रिकाम्या मूळमार्गाच्या मुख्य अनुप्रयोगाकडे जाईल. तोही नसता, तर सर्व्हरने ४०४ हा आकडा, म्हणजे ‘सापडले नाही’ असा निरोप, परत धाडला असता.

हे काम सर्व्हर प्रत्यक्षात करतो कसे? प्रत्येक मागणीसाठी साऱ्या अनुप्रयोगांची नावे ओळीने तपासावयाची, तर नावे वाढली की वेळही वाढेल. टॉमकॅट मूळमार्गांची यादी शब्दकोशाप्रमाणे क्रमवारीने लावून ठेवतो. शब्दकोशात शब्द शोधणारा माणूस मधोमध पान उघडतो आणि शब्द अलीकडे की पलीकडे हे पाहून अर्धा कोश एकदम बाजूला सारतो. सर्व्हरही तसेच करतो. एक हजार नावांची यादी असली, तरी या रीतीने सुमारे दहाच तुलनांत काम होते. शोधाअंती त्याला मागणीच्या मार्गाइतके किंवा क्रमात त्याच्या लगेच अलीकडचे नाव मिळते. पण लगतचे नाव जुळणारे असेलच असे नाही. /ग्रंथ/नवे/यादी ही मागणी घ्यावी. क्रमवारीत तिच्या लगेच अलीकडे /ग्रंथ/दुर्मिळ हे नाव आहे, कारण वर्णमालेत द हा न च्या आधी येतो. ते तर मुळीच जुळत नाही. मग सर्व्हर मार्गाचा शेवटचा तुकडा कापून टाकतो व उरलेला /ग्रंथ/नवे हा मार्ग पुन्हा शोधतो. पुन्हा तेच शेजारी नाव हाती लागते. आणखी एक तुकडा कापला, की /ग्रंथ उरते आणि तंतोतंत जुळणी मिळते. शेवटाकडून कापत येत असल्यामुळे जी जुळणी प्रथम सापडेल तीच सर्वांत लांब असणार. वेगळी तुलना करावी लागत नाही. मागणीचा मार्ग कितीही लांबलचक असला, तरी सर्वांत खोल मूळमार्गात जितके तुकडे असतील त्यापलीकडचे तुकडे सर्व्हर एकदमच छाटतो. ते एकेक करून कापण्यात काही अर्थच नसतो.

या नियमाचा एक परिणाम नवशिक्या मंडळींना नेहमी चकवितो. निवड एकदा झाली, की ती पालटत नाही. /ग्रंथ/दुर्मिळ या अनुप्रयोगाकडे मागणी गेली आणि त्याच्यापाशी हवे ते पान नसले, तर सर्व्हर ‘बरे, मग /ग्रंथ ला विचारून पाहू’ असे म्हणत नाही. ४०४ देऊन मोकळा होतो. इतकेच नव्हे, तर /ग्रंथ या अनुप्रयोगाच्या पोटात पूर्वीपासून दुर्मिळ नावाचे एखादे दालन असेल, तर शेजारी /ग्रंथ/दुर्मिळ हा नवा अनुप्रयोग ठेवताच ते जुने दालन दिसेनासे होते. ते नष्ट झालेले नसते. त्याच्यापर्यंत कोणी पोहोचू मात्र शकत नाही. कालपर्यंत दिसणारे पान आज कोठे गेले, या शोधात अशा वेळी तास न् तास खर्ची पडतात. दोष पानात नसून शेजाऱ्याच्या नावात असतो.

मूळमार्ग ठरतो कोठून? टॉमकॅटमध्ये तो बहुधा गठ्ठ्याच्या नावावरूनच ठरतो. गठ्ठ्याचे नाव सभासद असे असेल तर मूळमार्ग /सभासद. रूट हे इंग्रजी नाव रोमन मोठ्या अक्षरांत दिले, तर मूळमार्ग रिकामा. फाइलीच्या नावात तिरपी रेघ लिहिता येत नाही, म्हणून तिच्या जागी # हे चिन्ह वापरतात. ग्रंथ#दुर्मिळ या नावाचा अर्थ /ग्रंथ/दुर्मिळ. दोन ## चिन्हांपुढे आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची सोय सातव्या आवृत्तीपासून झाली. तिच्यामुळे एकाच मूळमार्गावर जुना व नवा असे दोन्ही अनुप्रयोग एकाच वेळी नांदू शकतात. ज्यांचे काम जुन्यात चालू आहे त्यांच्या मागण्या जुन्याकडे जातात आणि नव्याने येणाऱ्यांच्या नव्याकडे. चेन्नईत अनेक दारांवर ‘जुना नंबर’ व ‘नवा नंबर’ असे दोन्ही आकडे लिहिलेले आढळतात. शहराने घरांची मोजणी नव्याने केली, पण जुन्या आकड्याने येणारी पत्रे काही थांबली नाहीत. सर्व्हरवरील व्यवस्था त्या दारांपेक्षा अधिक नीटस आहे, हे मान्य करावयास हवे.

एका लहानशा गोष्टीचा उल्लेख येथेच करावा. मागणी नुसत्या /सभासद अशी आली, तर सर्व्हर बहुधा लगेच पान न देता ‘/सभासद/ असे मागा’ म्हणून परत पाठवितो. शेवटच्या रेघेचा हा आग्रह वरवर पाहता कारकुनी वाटतो. परंतु पानातील सापेक्ष दुवे त्या रेघेच्या आधारे वाचले जातात. ती नसेल तर ‘चित्र’ या दुव्याचा अर्थ ब्राउझर /चित्र असा करील. ती असेल तर /सभासद/चित्र असा. एका रेघेने दुवा एका अनुप्रयोगातून दुसऱ्यात जातो.

अनुप्रयोग ठरला, की निवडीचा दुसरा टप्पा सुरू होतो. अनुप्रयोगातील कोणत्या सर्व्हलेटने उत्तर द्यावयाचे? येथे मूळमार्ग बाजूला काढून उरलेला भाग पाहतात आणि चार नियम क्रमाने लावतात. एखाद्या सर्व्हलेटला तोच तंतोतंत मार्ग नेमून दिलेला असेल, तर मागणी त्याची. नसेल, तर /यादी/* अशा तारांकित पूर्वभागांपैकी सर्वांत लांब जुळणारा निवडतात. तेही तुकड्यातुकड्याने, मागून पुढे. तसाही कोणी नसेल, तर मार्गाचा अंत पाहतात; .जेएसपी ने संपणारी सारी पाने एका सर्व्हलेटकडे, अशी नेमणूक असू शकते. शेवटी उरतो तो सर्वसाधारण सर्व्हलेट, ज्याच्यासमोर नुसती तिरपी रेघ लिहिलेली असते. नेमणुका फाइलीत कोणत्या क्रमाने लिहिल्या याला काहीही महत्त्व नाही. लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मात्र येथे कसोशीने पाळला जातो.

/ आणि /* यांतील भेद या ठिकाणी कळीचा आहे. दोन्हींचा अर्थ ‘सर्व काही’ असाच वाटतो. पण पहिले चिन्ह चौथ्या नियमात बसते, म्हणजे कोणी घेतले नाही ते घेणारे. दुसरे दुसऱ्या नियमात बसते, म्हणजे अंत पाहण्यापूर्वीच सर्व काही हिसकावून घेणारे. एका तारांकनामुळे .जेएसपी पानांची सारी व्यवस्था कोलमडते आणि कारण कोणाला सापडत नाही.

आता त्या अनर्थाकडे वळावयाचे. येथवर मार्ग शुद्ध स्वरूपात येतो असे गृहीत धरले होते. व्यवहारात तसे नसते. मार्गात . हा एकच टिंब-तुकडा आला तर त्याचा अर्थ ‘येथेच’; .. असा जोड आला तर ‘एक पायरी मागे’. काही अक्षरे % या चिन्हाने आरंभ होणाऱ्या संकेतांत लिहिलेली असतात. काही तुकड्यांना अर्धविरामाने शेपटी जोडलेली असते. सर्व्हर जुळणीपूर्वी हे सारे निस्तरतो: शेपट्या काढतो, संकेत उलगडतो, टिंबे गाळतो. /./सभासद/यादी आणि /सभासद/यादी या दोन मागण्या सर्व्हरच्या लेखी एकच. एकाच दाराकडे जाण्याचे ते दोन उच्चार आहेत.

पण अनुप्रयोगाच्या दाराशी अनेकदा स्वतःचा पहारेकरी असतो. ‘अमुक मार्गाने येणाऱ्यास ओळख विचारावी’ अशी आज्ञा त्याला दिलेली असते. तो जर मूळ, न निस्तरलेला मार्ग वाचू लागला, तर सर्व्हर एक पत्ता वाचतो आणि पहारेकरी दुसरा. २०२१ साली नेमके हेच घडले. १९९६ साली ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेल्या व पुढे झोहो म्हणून प्रसिद्धीस आलेल्या कंपनीचे मुख्य ठाणे चेन्नईच्या दक्षिणेस गुडुवांचेरी परिसरात आहे. तिच्या मॅनेजइंजिन या शाखेचे एडीसेल्फसर्व्हिस प्लस नावाचे जावा-उत्पादन आहे. मोठ्या संस्थांतील कर्मचाऱ्यांना आपला संकेतशब्द स्वतःच बदलता यावा, हे त्याचे काम. म्हणजे ज्याच्या हाती साऱ्या किल्ल्या, असे ते ठिकाण. त्यात रेस्टएपीआय या तुकड्याने आरंभ होणाऱ्या मार्गांवर पहारा होता. पहारेकरी मार्गाचा आरंभ अक्षरशः पडताळून पाही. मागणी /./रेस्टएपीआय/ अशी आली, की त्याला आरंभ वेगळा दिसे आणि तो ओळख विचारीत नसे. सर्व्हर मात्र टिंब गाळून मागणी थेट आतील सर्व्हलेटकडे पोहोचवी. एका टिंबाने दार उघडत होते.

हल्लेखोरांनी या वाटेने आत शिरून आपले .जेएसपी कार्यक्रम सर्व्हरवर नेऊन ठेवले. ऑगस्ट २०२१ पासूनच त्यांचा उपयोग चालू होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने ६११४ क्रमांकाची सुधारित आवृत्ती काढली. १६ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकेची सायबरसुरक्षा संस्था, एफबीआय व तटरक्षक दलाचे सायबर पथक यांनी मिळून जाहीर इशारा दिला, आणि संरक्षण-ठेकेदार, विद्यापीठे व अत्यावश्यक सेवा यांना धोका असल्याचे सांगितले. सीव्हीई-२०२१-४०५३९ या क्रमांकाने हा दोष नोंदला गेला; त्याच्या गांभीर्याला १० पैकी ९.८ गुण मिळाले.

या प्रसंगाचे खापर केवळ एका कंपनीवर फोडणे न्यायाचे होणार नाही. याच जातीचे दोष अनेक नामांकित उत्पादनांत वेळोवेळी आढळले आहेत. जावाच्या नियमावलीत मागणीचा मार्ग विचारण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. एक रीती मार्ग जसा आला तसाच हाती देते. दुसरी, मूळमार्ग वगळून व सारे निस्तरून, सर्व्हरने जुळणीसाठी जे वाचले तेच देते. पहाऱ्यासाठी दुसरीच योग्य. परंतु साध्या मागण्यांवर दोन्हींची उत्तरे बहुधा सारखीच दिसतात. त्यामुळे चाचणीत चूक उघडकीस येत नाही. सर्व्हरकर्तेही हळूहळू कडक होत गेले आहेत. संकेतात लपविलेली तिरपी रेघ, म्हणजे %२एफ, टॉमकॅट कित्येक वर्षांपासून मुळातच नाकारतो. २०२२ साली निघालेल्या सर्व्हलेट नियमावलीच्या सहाव्या आवृत्तीत मार्ग कोणत्या क्रमाने निस्तरावा हे प्रथमच पायरीपायरीने लिहून ठेवण्यात आले, आणि संशयास्पद बांधणीचा मार्ग आला तर तो दुरुस्त करीत न बसता ४०० हा नकाराचा आकडा देऊन परत धाडावा, असे ठरले.